अपेक्षित उत्तराचा रकाना

अक्का, परवा सोमवारी तुझ्या घरी जाऊन आले. दारात चपला काढल्या, पदरानं घाम पुसला आणि सवयीनं थांबले. आतून "आली का गं गाडीवाली?" अशी हाक येईल म्हणून दोन मिनिटं तशीच उभी. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं की मी दारात आणि तुझं तोंड बंद. शेवटी महानंदा, तुझी सून, बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, उनात कामून उभ्या राहिल्यात?" तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की तू लिंगैक्य होऊन आठ दिवस झालेत आणि मी त्यासाठीच आले आहे.

खोटं कशाला बोलू, रडायचं ठरवूनच आले होते. नांदेडला गाडीत बसल्यापासून तीच तयारी चालली होती. पण मेल्यावरसुद्धा तू माझं ठरवलेलं काही होऊ दिलं नाहीस. काय केलंस ते सांगतेच, पण आधी आपलं भांडण कुठून सुरू झालं ते सांगू दे. तुला सगळं ठाऊक आहे, पण तुझी बाजू तू गावभर सांगून ठेवलीस. माझी कुणी ऐकलीच नाही.

मी मुदखेडची. तेव्हा बावीस वर्षांची, डी.एड. होऊन घरी बसलेली. लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आधी जे कागद उस्मानाबादला जायचे ते आता लातूरला यायला लागले होते आणि कचेऱ्यांच्या पाट्या अजून नव्याच दिसायच्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गांना बाया पाहिजेत असं कळलं, मी अर्ज केला आणि दहा दिवसांच्या प्रशिक्षणानंतर मला रेणापूरच्या पुढचं तुझं गाव मिळालं. दुष्काळाचं साल. विहिरींनी तळ दाखवलेला, जनावरं छावणीत, बायाबापड्या पाझर तलावाच्या कामावर. ते काम पहाटे सुरू होऊन दुपारी सुटायचं, म्हणून वर्ग तीन वाजता. जागा तुझी ओसरी. तुझा मालक कामासाठी पुण्याकडं गेलेला, पोरगा लातूरला बोर्डिंगात, त्यामुळं जागा मोकळी होती. आणि पाच वाजता माझी लातूरची गाडी. त्यानंतर गाडी नव्हती.

प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती, ती म्हणजे टाचण. उद्या काय शिकवायचं ते आज वहीत आखून लिहायचं. उभे रकाने पाडायचे. एकात मुद्दा, दुसऱ्यात बाईंचा प्रश्न, तिसऱ्यात शिकणाऱ्यांचं अपेक्षित उत्तर, चौथ्यात वेळ, शेवटी शेरा. टाचण नाही तर तास नाही, असं आमचे सर टेबलावर हात आपटून सांगायचे. माझं अक्षर चांगलं, पट्टी हातात घेतली की मला दुसरं काही सुचायचं नाही. पहिल्या पाठाचं टाचण तर मी लाल आणि निळ्या शाईत केलं होतं. विषय, स्वच्छता. पहिला प्रश्न, सकाळी उठल्यावर आपण काय करतो? अपेक्षित उत्तर, दात घासतो व आंघोळ करतो.

मी प्रश्न विचारला. धुरपताबाई म्हणाली, "सकाळी उठल्यावर? घागर घिऊन टँकरची वाट बघताव."

मी वहीत बघितलं. "नाही नाही," म्हटलं, "आपण आंघोळ करतो."

"कोण?" धुरपताबाईनं विचारलं. आणि जो हशा पिकला अक्का! चाँदबी तर हसता हसता खांबाला धरून बसली. आठ दिवसांतून एकदा डोक्यावरून पाणी घेणाऱ्या बायका त्या, आणि मी त्यांना उत्तर दुरुस्त करून देत होते. माझे कान तापले. तू मात्र हसली नाहीस. माझ्या हातातल्या वहीकडं बोट करून विचारलंस, "घडीघडी त्यात काय बघू लालीस?"

"उत्तर बघते."

"आमचं उत्तर?"

"हो."

"आमचं उत्तर आमच्याआधी तुज्या वहीत कसं काय आलं, बाई?"

मी चिडून म्हणाले, "सुगलाबाई, तुम्हाला यातलं कळणार नाही." तर तू म्हणालीस, "सुगलाबाई मनू नको. बाई तू. म्या अक्का." त्या दिवसापासून तू अक्का. माझ्या आईपेक्षा दोनच वर्षांनी लहान असशील, पण मी तुला अगंतुगं करायला लागले ती कायमची.

दुसऱ्या दिवशी तू मला वर्गाच्या आधी ओसरीवर बसवलंस आणि टाचण मोठ्यानं वाचायला लावलंस. मी वाचत गेले, तू छाटत गेलीस. "हे नगं. पहाटपासून माती वाहिली हाय, आल्या आल्या सवाल कामून? आधी बसू दे. पाणी पिऊ दे. कुणाचं काय झालं ते सांगू दे. त्यातला एक शब्द उचल आन तेच शिकीव." मी म्हटलं, प्रस्तावनेला पाच मिनिटंच असतात. तू म्हणालीस, "मंग पाच मिंटात पाणी पाज."

तुझं ऐकलं नसतं तर माझा वर्ग आठवडाभरही टिकला नसता, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आज करते. पुस्तकातला पहिला शब्द बाजूला राहिला आणि आपण 'टँकर' शिकलो, मग 'छावणी' शिकलो. तुझी देवणी गाय छावणीत होती, चांदी. तिच्या गळ्यातल्या पत्र्यावर नाव कुणी दुसऱ्यानं लिहिलेलं तुला सोसेना. स्वतःच्या नावाआधी तू 'चांदी' लिहायला शिकलीस आणि खिळ्यानं पत्र्यावर कोरून आलीस. "माजं नाव काय, समद्या गावाला ठावं हाय," म्हणालीस. सात महिन्यांत तुझं वाचन बरं चाललं, पण मला वाटायचं तू अजून अक्षर अक्षर लावून वाचतेस. तू तसं भासवायचीस, आता कळतंय. चांगलीच बेरकी होतीस.

आणि मग ती चिठ्ठी आली. जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार. आसपासच्या दोन गावांचे वर्ग त्यांनी एका भेटीत बंद केले होते, बायकांना काही येत नाही म्हणून. आपला बंद झाला तर मला मुदखेडला परत जावं लागणार होतं, आणि तिथं वडील तीन स्थळं घेऊन बसले होते. मी तुझ्यासमोर घळाघळा रडले. तू म्हणालीस, "तुला नवऱ्याची धास्ती, मला जोडाक्षरांची. अजून निम्मी यायचीत. वर्ग बंद झाला तर शिकवील कोण?" मग जरा थांबून म्हणालीस, "वर्ग राहिला तर गव्हाची हुग्गी करते, गूळ घालून. पर जेवल्याबिगर जायचं न्हाई. गाडी बिडी काय मला सांगायची न्हाई. कबूल?"

सात महिने तू मला जेव म्हणत होतीस आणि सात महिने मी "गाडी आहे" म्हणून सटकत होते. त्या दिवशी तुझ्या हातावर हात मारला आणि म्हणाले, कबूल.

तपासणीसाठी मी आयुष्यातलं सगळ्यात देखणं टाचण केलं. विषय पाणी. पंधरा प्रश्न, पंधरा अपेक्षित उत्तरं, सगळी पूर्ण वाक्यात. आणि घाईत पाचची गाडी पकडताना वही तुझ्या ओसरीवर विसरले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर वही कोनाड्यात नीट ठेवलेली, वर तुझा टॉवेल. मी म्हटलं, वाचले बाई.

साहेब आले. बायका ओळीनं बसलेल्या, डोक्यावर पदर, एकही बाई हसत नव्हती, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. मी खडू उचलला आणि साहेबांच्या चष्म्याकडं बघून पहिलाच प्रश्न विसरले. सरळ दुसऱ्यावर गेले. "आपल्या गावाला पाणी कुठून येते?"

चाँदबी ताडकन उठली. "पाणी गाळून व उकळून प्यावे!"

साहेबांनी मान हलवली. चांगलं आहे, पण पुढं. मी तिसरा विचारला, "टँकर किती वाजता येतो?"

धुरपताबाई उठली. "आपल्या गावाला पाणी टँकरने येते!"

अक्का, 'व' आणि 'टँकरने'! गावात जन्मात कुणी 'टँकरने' म्हटलं नव्हतं. माझ्या हातातला खडू मोडला. प्रत्येक बाई माझ्याच वाक्यात बोलत होती आणि प्रत्येक उत्तर एक घर मागं होतं. साहेबांनी चष्मा वर केला आणि स्वतःच चाँदबीच्या शेजारणीला विचारलं, "तुमचं नाव काय?"

ती बिचारी तिच्या नंबरला धरून उठली. "टँकर पहाटे चार वाजता येतो!"

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "बाई, हे काय आहे? पोपटासारखं पाठ करून घेतलंत?"

मी काहीच करून घेतलं नव्हतं, पण उत्तरं तर माझीच होती. डोळ्यांपुढं मुदखेडची तीन स्थळं रांगेत उभी राहिली. तेवढ्यात तू उठलीस, पदर खोचलास.

"सायेब, बाईला बोलू नका. तिला ठावं बी न्हाई. म्या पाठ करून घेतलं समद्यांकडून, एकीला एक उत्तर."

"तुम्ही? तुम्हाला उत्तरं कुठून मिळाली?"

"बाईची वही राहिली व्हती माज्या घरी. वाचली आन सांगितली."

"वाचून कुणी दाखवली?"

"कोण दाखवील? घरात म्या एकली. गाय व्हती, ती छावणीत हाय."

साहेबांनी माझी वही घेतली, तुझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचा." तू वाचलंस, अक्का. न अडखळता, एका दमात, पंधरा प्रश्न आणि पंधरा उत्तरं, माझ्या हातानं लिहिलेलं, छापील सुद्धा नाही. फक्त वरच्या मथळ्याशी थांबलीस आणि माझ्यावरच खेकसलीस, "अपे... हे मधलं अजून शिकवलं न्हाईस. म्या सोडून दिलं."

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि त्यांनी ते गाळलेलं आहे का विचारलं, तेव्हा सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "व उकळून!" रजिस्टरात त्यांनी शेरा लिहिला, तो मला पाठ आहे. 'वर्ग चालू ठेवावा. टाचण सुधारावे.'

आता यापुढचं मी कुणाला सांगत नाही. नांदेडला पुढं पंचवीस वर्षं शिक्षकांना टाचण शिकवलं, दर तुकडीला ही गोष्ट सांगितली, पण शेऱ्यापाशी थांबले. कारण साहेब उठताना म्हणाले, "बाई, जीप लातूरलाच चालली आहे, बसा." आणि मी बसले. कबूल करून बसले. वळणावरनं मागं बघितलं तर तू दारात उभी होतीस, हातात पळी.

तुला वाटलं असेल, बाईला आमच्या घरचं गोड लागत न्हाई. तू कधी विचारलं नाहीस, फक्त दुसऱ्या दिवसापासून मला गाडीवाली म्हणायला लागलीस. हसत म्हणायचीस, म्हणून मीही हसत राहिले. खरं कारण आज ऐक. त्या दिवशी साहेब यायच्या आधी मी पाणी प्यायला आत गेले होते. तू हुग्गीसाठी उखळात कांडलेले गहू सुपात घातले होते आणि शेजारी डबा पालथा घातला होता. घरातले सगळे गहू ते. पुढचे कितीतरी दिवस तू कशावर काढणार होतीस मला कळेना, आणि ते गहू माझ्या घशाखाली उतरले नसते. जीप आली नसती तर मी पोट दुखतं म्हटलं असतं. एवढं साधं होतं. पण तेव्हा बोलले नाही आणि मग बोलायची लाजच वाटली. पाऊस झाला, चांदी घरी आली, तुझ्याकडं पोत्यानं गहू आले, तरी मी तुझ्या ताटावर बसले नाही. एकदा बसले असते तर आधी का नाही ते सांगावं लागलं असतं. चहा प्याले, लाह्या खाल्ल्या, मुरमुरे खाल्ले. ताट वाढलंस की माझी गाडी यायची.

मूर्ख होते. तू दुखावली असशील आणि मी चाळीस वर्षं घड्याळ दाखवत राहिले. दिवाळीआधी फोनवर म्हणालीस, "हुग्गीला ये." मी म्हटलं, थंडी संपू दे, येते. हे मात्र मला फार लागलंय, अक्का. याच्यावर मला हसता येत नाही.

आपलं दुसरं भांडण तरी उघड्यावर होतं. तुझं म्हणणं, अपेक्षित उत्तराचा रकाना कोरा ठेवायचा. "बायका भरत्याल की." माझं म्हणणं, कोरा ठेवला तर बाई तयारीच करणार नाही. बाईनं आधी विचार करावा म्हणून तो रकाना असतो, बायकांना बांधायला नसतो. तू म्हणायचीस, "विचार कर, लिहू कामून लालीस?" तुझा वर्ग सरकारी कागदावरून कधीच गेला, पण तू दर सोमवारी बायका जमवत राहिलीस. कधी पोस्टाचा फॉर्म, कधी गाडीच्या पाट्या, अलीकडं तर मोबाईलवर लेकीला निरोप कसा लिहायचा ते. स्वतः टाचण काढायचीस, माझ्यासारखेच रकाने, आणि तिसरा कायम कोरा. मी आले की वही माझ्या नाकासमोर धरायचीस, मी नाक मुरडायचे. किती बरं वाटायचं मला तुझ्याशी भांडायला! माझ्या नवऱ्यानं, म्हणजे चौथ्या स्थळानं, एकदा विचारलं होतं की त्या गावाहून आलीस की तू आठवडाभर इतकी खुशीत का असतेस. मी म्हटलं, मनसोक्त हरून येते.

तर परवा. महानंदानं मला पाट दिला, पाणी दिलं आणि तुझी वही दिली. "आत्याबाई मनल्या व्हत्या, बाईच्या हातात द्या. शेवटलं पान बगा."

तुझं ते मोठं मोठं अक्षर, जरा कापलेलं. रकाने पट्टीनं नाही, हातानं ओढलेले. मी तिथंच वाचायला लागले.

'विषय, बाई. साहित्य, गहू, गूळ, सुंठ, खोबरं. प्रस्तावना, बाई येईल. रडेल. रडू द्यावे. वेळ, पाच मिनिटे. प्रश्न महानंदा विचारेल. बाई, जेवून जाणार का?'

आणि तिसरा रकाना. चाळीस वर्षं कोरा ठेवलेला तुझा तिसरा रकाना. त्यात लिहिलेलं होतं, 'अपेक्षित उत्तर. नाही. गाडी आहे.'

वर मथळ्यात क्षि अगदी वळणदार काढला होतास.

मी इतक्या जोरानं हसले की शेजारच्या दोघी-तिघी काय झालं म्हणून दारात आल्या. मरणाच्या घरात आलेली बाई खो खो हसतेय. मग हसता हसता डोळे गळायला लागले, आणि ते पाच मिनिटांत थांबले नाहीत, तेवढं तुझं वेळेचं गणित चुकलं. महानंदा शांतपणे बसून राहिली. तिला तू शिकवलेलंच होतंस. माझं झाल्यावर तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "बाई, जेवून जाणार का? हुग्गी केली हाय. आमच्या लिंगायतात सुतक नसतंय."

बाहेर पाचची गाडी आली होती. अजून पाचलाच येते. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, कुणीतरी "बाई, गाडी!" म्हणून ओरडलं.

मी पाट पुढं ओढला.

तुझ्या हातची चव कशी होती ते मला कधीच कळणार नाही, पण महानंदाची हुग्गी गरम होती, तुपाची धार होती आणि सुंठ जरा जास्त झाली होती. जेवता जेवता मी तिला पालथ्या डब्याची गोष्ट सांगितली, सगळी. तिनं हात थांबवून ऐकली आणि म्हणाली, "अय्या बाई, एवढंच व्हय?"

हात धुतल्यावर पेन मागून घेतला. वहीतलं तुझं उत्तर खोडलं नाही. शेवटचा शेऱ्याचा रकाना तू माझ्यासाठी मोकळा ठेवला होतास, त्यात तारीख घातली, सही केली आणि लिहिलं, 'उत्तर चुकले. बाई दोनदा वाढून घेऊन जेवली.'